हॅरी ऑलकॉक

हॅरी आर. ऑलकॉक (जन्म : १९३२, लफबरो, इंग्लंड) हे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन व संशोधन केलेले रसायनशास्त्रज्ञ होत. फॉस्फरस आणि नायट्रोजन यांचे अणू एकाआड एक गुंफून झालेल्या लांब साखळीला कार्बनी गट जोडून टिकाऊ बहुवारिके तयार करण्याची रीत त्यांनी १९६५-६६ मध्ये प्रसिद्ध केली. या बहुवारिकांना पॉलिफॉस्फाझीन म्हणतात. पुढील काळात ऑलकॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही साखळी नेहमीच्या कार्बनी बहुवारिकांशी मिसळणे, गुंफणे आणि रासायनिक बंधाने जोडणे यांचे अनेक मार्ग शोधले. अकार्बनी व कार्बनी रसायनशास्त्र यांच्या सीमेवरील संशोधनाचे हे एक ठळक उदाहरण मानले जाते.

पूर्वपीठिका

बहुवारिक म्हणजे लहान घटक रेणू एकापुढे एक जोडले जाऊन झालेला महारेणू. मण्यांची माळ डोळ्यांपुढे आणली, तर त्याची कल्पना येते. पॉलिथिलीन, पॉलिस्टायरीन, नायलॉन, कापसातील सेल्युलोज आणि नैसर्गिक रबर या सर्वांच्या साखळीचा कणा प्रामुख्याने कार्बन अणूंचा असतो. कार्बनी कण्याचे गुण पुष्कळ आहेत, तशाच मर्यादाही आहेत. असे पदार्थ बहुधा सहज पेट घेतात, उष्णतेने विघटित होतात आणि त्यांतील अनेक अतिथंड हवेत ठिसूळ बनतात. कार्बनाऐवजी दुसऱ्या मूलद्रव्यांचा कणा असलेली बहुवारिके करता येतील काय, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा होता. सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्या कण्याच्या सिलिकोनांनी विसाव्या शतकाच्या मध्यास त्याचे एक उत्तर दिले. फॉस्फरस-नायट्रोजन कण्याची कथा त्याहून जुनी आहे, पण ती बराच काळ अडलेली होती.

फॉस्फरस पेंटाक्लोराइड आणि अमोनिया यांच्या अभिक्रियेतून एक पांढरा स्फटिकी पदार्थ अल्प प्रमाणात मिळतो, असे लीबिग आणि वलर या जर्मन शास्त्रज्ञांनी १८३४ मध्ये नोंदवले. आज त्यास हेक्साक्लोरोसायक्लोट्रायफॉस्फाझीन असे लांबलचक नाव आहे. त्याच्या रेणूत फॉस्फरसाचे तीन आणि नायट्रोजनाचे तीन अणू एकाआड एक येऊन षट्कोनी वलय तयार होते आणि प्रत्येक फॉस्फरसावर दोन क्लोरीन अणू असतात. हा पदार्थ सुमारे ११४ अंश सेल्सिअसला वितळतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ एच. एन. स्टोक्स यांनी या संयुगाचा बारकाईने अभ्यास केला. त्याची वलयाकार रचना त्यांनी सुचविली. हा पदार्थ बंद नळीत तापविला असता रबरासारखा लवचिक गोळा तयार होतो, असेही त्यांना आढळले. या गोळ्यास 'अकार्बनी रबर' हे नाव पडले. नाव आकर्षक होते, पदार्थ मात्र निरुपयोगी. तो कोणत्याही विद्रावकात विरघळत नसे, फक्त फुगत असे. उघड्या हवेत ठेवल्यास बाष्पाशी अभिक्रिया होऊन तो हळूहळू कडक व भुसभुशीत होई आणि त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल, अमोनिया व फॉस्फेट बाहेर पडे. जो पदार्थ विरघळत नाही त्याचा धागा काढता येत नाही, पापुद्रा ओतता येत नाही आणि त्याच्या रेणूचे वजनही नीट मोजता येत नाही. परिणामी सुमारे सत्तर वर्षे अकार्बनी रबर हे पाठ्यपुस्तकातील एक नवल राहिले. फॉस्फरस-नायट्रोजनाचा कणाच मुळात दुबळा असावा, असा समज त्यामुळे रूढ झाला.

जीवन

ऑलकॉक यांचे उच्च शिक्षण इंग्लंडमध्ये झाले. लंडन विद्यापीठाची पीएच.डी. त्यांनी १९५६ मध्ये संपादन केली. त्यानंतर अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात आणि कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत त्यांनी काम केले. १९६१ मध्ये ते कनेटिकट राज्यातील स्टॅमफर्ड येथे अमेरिकन सायनामिड या रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. फॉस्फाझीनांवरील त्यांचे पहिले निर्णायक काम याच औद्योगिक प्रयोगशाळेतले आहे. १९६६ मध्ये ते पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात आले आणि पुढे तेथे त्यांना इव्हान प्यू प्राध्यापक हा त्या विद्यापीठाचा सर्वोच्च अध्यापकीय सन्मान मिळाला. अमेरिकन केमिकल सोसायटीचा बहुवारिक रसायनशास्त्राचा पुरस्कार त्यांना १९८४ मध्ये देण्यात आला.

१९६५ चा शोध

स्टोक्स यांच्या रबराचे दोन दोष होते : ते विरघळत नव्हते आणि पाण्याने विघटित होत होते. ऑलकॉक यांच्या कामाचे मर्म हे की, त्यांनी या दोन दोषांची कारणे वेगवेगळी केली.

न विरघळण्याचे कारण साखळ्यांमधील आडबंध हे होते. वलय तापविले की ते उघडते आणि उघडलेली वलये एकमेकांस जोडून लांब साखळी बनते. तापविणे पुढे चालूच राहिले, तर शेजारशेजारच्या साखळ्या एकमेकींशी आडव्या बंधांनी जखडल्या जातात आणि सगळा गोळा एकच अवाढव्य जाळे होऊन बसतो. जाळे झालेला पदार्थ विद्रावकात फुगेल, पण विरघळणार नाही. मूळ पदार्थ अतिशय शुद्ध घेतला, ओलावा काटेकोरपणे दूर ठेवला, निर्वात बंद नळीत तापमान सुमारे २५० अंश सेल्सिअस राखले आणि आडबंध तयार होण्यापूर्वीच अभिक्रिया थांबविली, तर साखळ्या सुट्या राहतात, असे ऑलकॉक आणि त्यांचे सहकारी आर. एल. कुगल यांनी दाखविले. याचा अर्थ सर्व कच्चा माल संपण्याची वाट न पाहता मध्येच थांबायचे, उरलेले वलय-संयुग वेगळे काढायचे आणि पुन्हा वापरायचे. अशा रीतीने मिळालेले पॉलिडायक्लोरोफॉस्फाझीन बेंझीन, टेट्राहायड्रोफ्युरान यांसारख्या विद्रावकांत पूर्णपणे विरघळले.

दुसऱ्या दोषाचे मूळ कण्यात नव्हते. फॉस्फरसावरचे क्लोरीन अणू पाण्याशी तत्काळ अभिक्रिया करतात आणि तेथून साखळीच्या नाशास सुरुवात होते. क्लोरीनच काढून टाकले तर? साखळी विरघळलेल्या अवस्थेत उपलब्ध झाल्यामुळे हे आता शक्य होते. सोडियम अल्कॉक्साइड, सोडियम फेनॉक्साइड किंवा अमाइने या अभिकारकांनी क्लोरीनाच्या जागी कार्बनी गट बसविता येतात. सोडियम संयुगे वापरल्यास उपपदार्थ म्हणून साधे मीठ मिळते.

कागदावर सोपी दिसणारी ही पायरी प्रत्यक्षात धाडसाची होती. साखळीतील प्रत्येक घटकावर दोन क्लोरीन असतात. १५,००० घटकांची साखळी असेल, तर एकाच रेणूवर ३०,००० ठिकाणी अदलाबदल व्हायला हवी, आणि तीही कणा न तुटता. द्रावणात साखळी लोकरीच्या गुंत्यासारखी वेटोळी घालून असते. आतल्या भागातील अणूंपर्यंत अभिकारक पोहोचेल याची खात्री नसते. थोडे जरी क्लोरीन मागे राहिले, तरी पाण्याला शिरकाव करण्यास तेवढी फट पुरते. त्या काळी महारेणूवर अशी सर्वंकष रासायनिक शस्त्रक्रिया करणे सामान्यतः अव्यवहार्य समजले जाई. ऑलकॉक व कुगल यांनी योग्य अभिकारक आणि परिस्थिती निवडून ती जवळजवळ पूर्णत्वास नेली. १९६५ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा पहिला शोधनिबंध आणि पुढच्या वर्षी सविस्तर निबंध प्रसिद्ध झाले. तयार झालेले पदार्थ पाण्यात टिकणारे होते. त्यांचे पापुद्रे ओतता येत होते आणि काहींचे धागेही काढता येत होते. ज्याला दुबळा म्हटले जात होते तो कणा वस्तुतः चांगलाच चिवट आहे, हे यातून सिद्ध झाले.

या प्रकारच्या कामात ऑलकॉक यांनी एक पथ्य सातत्याने पाळले. कोणतीही नवी अभिक्रिया महारेणूवर करण्याआधी ती लहान वलय-संयुगावर करून पाहायची. वलयावर सहाच क्लोरीन असल्याने काय घडले ते स्पष्ट कळते. तेथे जमले, तर साखळीकडे वळायचे. प्रयोगशाळेत नव्याने काम करू लागलेल्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी अशी ही शिस्त आहे.

कणा आणि पार्श्वगट

फॉस्फाझीन कण्यातील बंध सूत्रात एकेरी व दुहेरी असे आलटून पालटून लिहिले जातात. तरीही बेंझिनाप्रमाणे त्यांतील इलेक्ट्रॉन संपूर्ण साखळीभर पसरत नाहीत. त्यामुळे हे पदार्थ बहुधा रंगहीन असतात आणि साखळी बंधांभोवती सहज वळू शकते. साखळी जितकी सहज वळेल तितका पदार्थ थंडीतही मऊ राहतो. ज्या तापमानाखाली बहुवारिक काचेसारखे कडक होते, त्यास काच-संक्रमण तापमान म्हणतात. ट्रायफ्लुओरोएथॉक्सी गट असलेल्या पॉलिफॉस्फाझीनसाठी ते सुमारे उणे ६६ अंश सेल्सिअस आहे.

बाकीचे बरेचसे गुण कण्याला चिकटलेल्या पार्श्वगटांवर ठरतात. ट्रायफ्लुओरोएथॉक्सी गटांमुळे पाणी झटकून टाकणारा, स्फटिकी, धागे व पापुद्रे देणारा पदार्थ मिळतो. त्याच्या अतिसूक्ष्म तंतूंच्या जाळीवर पाण्याचा थेंब जवळजवळ गोल राहतो, अळवाच्या पानावर राहतो तसा. मेथिलअमिनो गट जोडले, तर त्याच कण्याचे बहुवारिक पाण्यात विरघळते. दोन वेगवेगळ्या लांबीचे फ्लुओरीनयुक्त गट मिश्र स्वरूपात बसविले, तर साखळ्यांना शिस्तीत रचून बसता येत नाही, स्फटिक बनत नाहीत आणि उत्तम रबर मिळते. हा शेवटचा मार्ग एस. एच. रोज यांनी १९६८ मध्ये दाखविला. एकाच मूळ साखळीपासून केवळ पार्श्वगट बदलून शेकडो भिन्न पदार्थ करता येतात. पॉलिथिलीन वा पॉलिस्टायरीन यांच्या बाबतीत असे करता येत नाही, तेथे दरवेळी नवे एकवारिक शोधावे लागते.

मात्र या रीतीने कार्बन थेट फॉस्फरसाला जोडणे कठीण जाते. तशी बहुवारिके अमेरिकेतील रॉबर्ट नीलसन व पॅटी विझियन-नीलसन यांनी १९८० च्या सुमारास वेगळ्या, थेट संघननाच्या मार्गाने मिळविली.

कार्बनी बहुवारिकांशी संयोग

पॉलिफॉस्फाझीन महाग आहे. कच्चा माल शुद्ध करणे, ओलाव्यापासून जपणे आणि दोन टप्प्यांत अभिक्रिया करणे यांमुळे ते पॉलिस्टायरिनाशी किमतीत स्पर्धा करू शकत नाही. उलट कार्बनी बहुवारिके स्वस्त, मजबूत आणि साच्यात घालण्यास सोयीची आहेत. दोहोंचे गुण एकत्र आणता आले, तर थोडक्या फॉस्फाझीनात काम भागेल, हा विचार ऑलकॉक यांच्या पुढील संशोधनामागे दिसतो.

यातील सर्वांत सोपा मार्ग मिश्रणाचा. पण भिन्न जातीची दोन बहुवारिके सहसा एकमेकांत मिसळत नाहीत. तेल व पाणी यांच्याप्रमाणे ती अलग होतात आणि मिश्रण कमजोर ठरते. दोन्ही साखळ्यांवर परस्परांशी हायड्रोजन बंध करू शकणारे गट असतील, तरच एकजीव मिश्रण मिळण्याची आशा असते. याची वैद्यकीय उदाहरणे पुढे आली आहेत.

दुसरा मार्ग परस्परगुंफित जाळ्यांचा. यात प्रथम फॉस्फाझिनाचे सैल जाळे तयार करतात, ते कार्बनी एकवारिकात भिजवून फुगवितात आणि मग त्या एकवारिकाचे जाळ्याच्या आतच बहुवारिक बनवितात. दोन जाळी एकमेकांत अशी अडकतात की, परस्परांशी रासायनिक बंध नसतानाही ती सुटी होऊ शकत नाहीत. ऑलकॉक, व्हिशर आणि मॅनर्स यांनी १९९० मध्ये पॉलिस्टायरीन, पॉलिमेथिल मेथाक्रिलेट, पॉलिअॅक्रिलोनायट्राइल आणि पॉलिअॅक्रिलिक आम्ल यांच्याबरोबर अशी जाळी केल्याचे प्रसिद्ध केले.

खरी प्रगती झाली ती १९९५ मध्ये. तोवर फॉस्फाझीन साखळी २५० अंशांवर तयार होत असे आणि तिची लांबी हाती नसे. त्या वर्षी टोरांटो विद्यापीठातील इयन मॅनर्स यांचा गट आणि ऑलकॉक यांचा गट यांनी मिळून नवी रीत दिली. ट्रायक्लोरो-ट्रायमेथिलसिलिल-फॉस्फोरानिमीन या एकवारिकात फॉस्फरस पेंटाक्लोराइडाचा अंश घातला असता खोलीच्या तापमानालाच साखळी वाढू लागते. एकवारिक संपले, तरी साखळीचे टोक 'जिवंत' राहते, म्हणजे नवे एकवारिक मिळताच वाढ पुन्हा सुरू होते. एकवारिक व पेंटाक्लोराइड यांच्या प्रमाणावरून साखळीची लांबी आधीच ठरविता येते. स्वयंपाकघरातल्या भाषेत बोलायचे, तर आतापर्यंत अंदाजाने टाकलेल्या चकलीचे वेढे आता मोजून घालता येऊ लागले.

जिवंत टोकाचा सर्वांत मोठा लाभ असा की, त्याला दुसऱ्या जातीची साखळी जोडता येते. अर्धी साखळी फॉस्फाझिनाची व अर्धी कार्बनी बहुवारिकाची, अशा रचनेला खंड सहबहुवारिक म्हणतात. १९९७ नंतरच्या काही वर्षांत ऑलकॉक यांच्या गटाने पॉलिएथिलीन ऑक्साइड, पॉलिस्टायरीन, तसेच पॉलिडायमेथिलसिलॉक्झेन या सिलिकोनाबरोबर अशी खंड सहबहुवारिके तयार केली. एक खंड जलस्नेही आणि दुसरा जलविरोधी असेल, तर पाण्यात हे रेणू आपोआप गोळा होऊन सूक्ष्म गोलक बनवितात. जलविरोधी भाग आत आणि जलस्नेही भाग बाहेर राहतो. पाण्यात न विरघळणारे औषध वाहून नेण्यासाठी अशा गोलकांचा विचार होतो.

आणखी एक मार्ग उलट दिशेचा आहे. कणा कार्बनाचाच ठेवायचा आणि फॉस्फाझिनाची लहान वलये त्याला बाजूने लटकवायची. व्हरमाँट विद्यापीठातील क्रिस्टोफर डब्ल्यू. अॅलन यांनी या मार्गावर विशेष काम केले. फॉस्फाझीन वलयाला प्रोपेनिल गट जोडून मिळालेले संयुग स्टायरिनाबरोबर सहबहुवारिकात सामील होते, असे डुपाँट व अॅलन यांनी १९७९ मध्ये दाखविले. वलय इलेक्ट्रॉन आपल्याकडे जोराने ओढते. त्यामुळे असे एकवारिक एकट्याने बहुवारिक होण्यास नाखूश असते, पण स्टायरिनासारखा इलेक्ट्रॉन-समृद्ध जोडीदार मिळाला की साखळीत सहज शिरते. ऑलकॉक यांच्या गटाने वलय जोडलेल्या नॉर्बोर्निनाचे वलय उघडून अशाच प्रकारची बहुवारिके केली. इटलीत मारिओ ग्लेरिया व सहकाऱ्यांनी पॉलिफॉस्फाझिनावर कार्बनी साखळ्यांची कलमे करण्याचा बराच अभ्यास केला. बागेतील कलमाप्रमाणेच येथे खोड एका जातीचे व फांद्या दुसऱ्या जातीच्या असतात.

भारतात वलयाकार फॉस्फाझीनांच्या अभ्यासाची परंपरा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. एस. कृष्णमूर्ती यांनी जोपासली. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत व्ही. चंद्रशेखर यांनी पायराझोलिल गट असलेली वलये कार्बनी बहुवारिकावर लटकवून त्यांत तांब्याचे आयन धरले आणि फॉस्फेट एस्टरांच्या जलीय विच्छेदनासाठी पुन्हा वापरता येणारा उत्प्रेरक तयार केला. हे काम २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. येथे वलयाची भूमिका धातू पकडून ठेवणाऱ्या पंजाची आहे.

आगीपासून संरक्षण

फॉस्फरस आणि नायट्रोजन एकत्र असलेली संयुगे ज्वालारोधक म्हणून परिणामकारक असतात. तापल्यावर फॉस्फरसापासून फॉस्फोरिक आम्लासारखे पदार्थ बनतात. ते कार्बनी द्रव्याचा कोळसेदार थर तयार करतात आणि हा थर आतील भागाला उष्णता व हवा यांपासून झाकतो. नायट्रोजनयुक्त वायू ज्वलनशील वाफा विरळ करतात. व्हिस्कोज रेयॉनच्या द्रावणात प्रोपॉक्सी-फॉस्फाझीन मिसळून सहज न पेटणारे तंतू काढण्याचे काम १९७० च्या सुमारास अमेरिकेत झाले. फेनॉक्सी गट असलेले वलय-संयुग आज पॉलिकार्बोनेट व इपॉक्सी राळ यांत ज्वालारोधक म्हणून घालतात. ब्रोमीनयुक्त ज्वालारोधकांच्या विषारीपणाबद्दल चिंता वाढल्यापासून या संयुगांकडे पुन्हा लक्ष गेले आहे. नुसते मिसळलेले संयुग कालांतराने पृष्ठभागाशी येऊन गळू शकते. अॅलन व ऑलकॉक यांनी वलय साखळीला रासायनिक बंधाने जोडण्यावर दिलेला भर या दृष्टीने अर्थपूर्ण ठरतो.

वैद्यकीय उपयोग

शरीरात रोपण केलेला पदार्थ दोनपैकी एक असावा लागतो : कायम टिकणारा, किंवा काम संपल्यावर निरुपद्रवीपणे नाहीसा होणारा. पॉलिफॉस्फाझीन दोन्ही प्रकारचे करता येते. ट्रायफ्लुओरोएथॉक्सी प्रकार टिकाऊ असून रक्ताशी त्याचे चांगले जुळते. त्याचा लेप दिलेल्या हृदयधमनीच्या स्टेंटला अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली.

दुसऱ्या टोकाला अमिनो आम्लांच्या एस्टरांचे गट जोडलेली बहुवारिके येतात. ऑलकॉक यांच्या गटाने ती १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. पाण्याच्या सान्निध्यात त्यांचे हळूहळू विघटन होऊन अमिनो आम्ल, अल्कोहॉल, फॉस्फेट व अमोनिया मिळतात. स्टोक्स यांच्या रबराला निकामी करणारी विघटनाची तीच प्रवृत्ती येथे, वेग ताब्यात आल्यामुळे, गुण ठरली.

हाडांच्या दुरुस्तीसाठी केलेले मिश्रण हे या क्षेत्रातील सर्वांत बोलके उदाहरण. लॅक्टिक व ग्लायकॉलिक आम्लांचे पॉलिएस्टर शस्त्रक्रियेत विरघळणारे टाके व आधार म्हणून बरेच वापरले जाते. ते विघटित होताना आम्ले सुटतात. जाडजूड तुकडा असेल, तर ती आत साचतात, विघटन एकदम वेग घेते आणि भोवतालच्या ऊतीला दाह होऊ शकतो. अस्थिशल्यविशारद व अभियंते कॅटो लॉरेन्सिन आणि ऑलकॉक यांनी या पॉलिएस्टरमध्ये अमिनो आम्लयुक्त पॉलिफॉस्फाझीन मिसळले. फॉस्फाझिनाच्या विघटनातून येणारे फॉस्फेट व अमोनिया आम्लता आटोक्यात ठेवतात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात मिश्रणाचे विघटन शुद्ध पॉलिएस्टरपेक्षा कमी आम्लधर्मी असल्याचे आढळले. नंतर ग्लायसिलग्लायसीन हा दोन अमिनो आम्लांचा गट वापरून दोन्ही साखळ्यांमध्ये हायड्रोजन बंध घडविण्यात आले आणि मिश्रण एकजीव झाले. अशा मिश्रणात पॉलिएस्टर आधी झिजते. मागे उरलेले फॉस्फाझीन गोलकांच्या रूपात राहून त्यांच्यामध्ये आपोआप छिद्रे तयार होतात. त्या पोकळ्यांत नव्या पेशी व रक्तवाहिन्या वाढू शकतात. जाळीदार आधार आधीच बनवून रोपण केला, तर छिद्रांमुळे तो कमजोर असतो. येथे आरंभी घट्ट आणि नंतर सच्छिद्र, अशी दोन्ही कामे एकाच पदार्थाकडून होतात.

कार्बॉक्सिलेटोफेनॉक्सी गट असलेल्या पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिफॉस्फाझिनाचे द्रावण कॅल्शियमच्या द्रावणात थेंबाथेंबाने सोडले की जेलीसारखे मणी तयार होतात. उष्णता किंवा कार्बनी विद्रावक यांची गरज नसल्याने जिवंत पेशी व प्रथिने त्यांत बंद करता येतात. हे काम रॉबर्ट लँगर यांच्या गटासह १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे हेच बहुवारिक लसीचा प्रभाव वाढविणारे सहद्रव्य म्हणून तपासले गेले. अलेक्झांडर अँड्रियानोव्ह यांनी त्यावर दीर्घकाळ काम केले आहे.

विद्युत् घटांतील उपयोग

लिथियम घटांतील द्रवरूप विद्युत् विच्छेद्य पेट घेऊ शकते, म्हणून घन बहुवारिकाचा शोध चालू आहे. पॉलिएथिलीन ऑक्साइड लिथियम क्षार विरघळवते, पण खोलीच्या तापमानाला त्याचे बरेच स्फटिक होतात आणि आयनांची वाट अडते. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील डी. एफ. श्रायव्हर यांच्यासह ऑलकॉक यांनी १९८४ मध्ये मेथॉक्सीएथॉक्सीएथॉक्सी गटांचे पॉलिफॉस्फाझीन वापरले. त्याचे काच-संक्रमण तापमान सुमारे उणे ८४ अंश सेल्सिअस आहे आणि त्यात स्फटिक बनत नाहीत. कण्याला जोडलेली लवचिक ऑक्सिजनयुक्त शेपटे लिथियम आयनाला एकाकडून दुसऱ्याकडे सरकवितात. खोलीच्या तापमानाला त्याची वाहकता पॉलिएथिलीन ऑक्साइडच्या शेकडो पट भरली. अडचण अशी की, हा पदार्थ काकवीसारखा वाहतो, पातळ थराचा आकार टिकत नाही. गॅमा किरणांनी थोडे आडबंध घालून आणि कार्बनी बहुवारिकांशी संयोग घडवून हा दोष दूर करण्याचे प्रयत्न झाले. तरीही मिळणारी वाहकता द्रवाच्या तुलनेत कमीच आहे आणि व्यवहारातील घटांनी हा पदार्थ अद्याप मोठ्या प्रमाणावर स्वीकारलेला नाही.

औद्योगिक वाटचाल

फ्लुओरीनयुक्त पॉलिफॉस्फाझीन रबराचे व्यापारी उत्पादन फायरस्टोन कंपनीने १९७० च्या दशकात सुरू केले. इंधन व तेले यांना दाद न देणारे आणि कडाक्याच्या थंडीतही लवचिक राहणारे हे रबर विमाने व लष्करी वाहने यांतील गास्केटे, नळ्या व गोल कड्या यांसाठी योग्य होते. नंतर ही निर्मिती एथिल कॉर्पोरेशनकडे गेली. दातांच्या कवळीला आतून लावण्याचे मऊ अस्तरही याच वर्गातील पदार्थापासून केले गेले. पुढे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन बंद पडले. गुण अव्वल असूनही किंमत फार आणि बाजार लहान, हे त्याचे मुख्य कारण. पॉलिफॉस्फाझिनांचे प्रयोगशाळेतील यश आणि बाजारातील स्थान यांतील हे अंतर अजूनही पुरते मिटलेले नाही. ज्या थोड्या ठिकाणी काही ग्रॅम पदार्थ पुरतो आणि किमतीचे महत्त्व कमी असते, उदाहरणार्थ वैद्यकीय साधने, तेथे त्यांना जागा मिळाली आहे.

ग्रंथलेखन

'फॉस्फरस-नायट्रोजन कंपाउंड्स' (१९७२) हा ऑलकॉक यांचा ग्रंथ वलयाकार व साखळीरूप संयुगांचा तोवरचा अभ्यास एकत्र आणतो. एफ. डब्ल्यू. लँप यांच्यासह लिहिलेले 'कंटेम्पररी पॉलिमर केमिस्ट्री' (१९८१) हे महाविद्यालयीन पाठ्यपुस्तक पुढील आवृत्त्यांतून वाढत गेले. तिसऱ्या आवृत्तीत जेम्स मार्क हेही सहलेखक आहेत. मार्क व रॉबर्ट वेस्ट यांच्याबरोबर 'इनऑर्गॅनिक पॉलिमर्स' (१९९२) हा ग्रंथ त्यांनी लिहिला. 'केमिस्ट्री अँड अॅप्लिकेशन्स ऑफ पॉलिफॉस्फाझीन्स' (२००३) मध्ये या विषयाचा समग्र आढावा असून या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या संशोधकासाठी तो आजही पहिला आधारग्रंथ आहे.